तूच मागव गं काहीतरी!

बाबा साताऱ्याहून पुण्याला आले की आमचा एक कार्यक्रम ठरलेला. शनिवारी संध्याकाळी बाहेर जेवायचं. मी मेनूकार्ड त्यांच्यापुढे सरकवणार आणि ते न उघडताच परत माझ्याकडे देणार. ''तूच मागव गं काहीतरी. तुला कळतं यातलं.'' मला काय वाटायचं सांगू? बाबा लाड करतायत! दोन वर्षं मी याच गैरसमजात मजेत पनीर मागवत होते.

खरं काय ते आईमुळे कळलं. बाबांचे एसटी डेपोतले एक जुने सहकारी वारले. पेपरात फोटोसकट छापून आलं होतं. त्या दिवशीही बाबा नेहमीसारखे चहाचा कप घेऊन तासभर पेपरात डोकं घालून बसले होते. पण तेराव्याचा निरोप आला, तेव्हा त्यांना पत्ताच नव्हता. ''अहो, पेपर वाचला होतात ना?'' आईने विचारलं. बाबा काही बोललेच नाहीत. कितीतरी महिने ते फक्त मोठे मथळे वाचत होते आणि बाकीचा वेळ नुसती पानं उलटत होते. डेपोत आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस! छोट्या जाहिरातींसकट पेपर वाचून काढणारा!

अंध? छे हो!

कारण नवीन नव्हतं. पंधरा वर्षांचा डायबेटीस. बारीक अक्षर वाचायला डोळ्याच्या पडद्याचा जो मधला भाग लागतो, नेमकी तिथेच सूज. डोळ्यात इंजेक्शनं झाली, थोडा फरक पडला. आता चांगल्या डोळ्याने, चष्मा लावून, ६/२४. म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर २४ मीटरवरून वाचता येतं, ते बाबांना ६ मीटरवर यावं लागतं.

मी बावळटासारखं विचारलं, ''डॉक्टर, म्हणजे बाबा अंध आहेत?''

''छे हो! मुळीच नाही.''

हुश्श! पण पार्किंगमध्ये येईपर्यंत डोक्यात किडा वळवळायला लागला. अंध नाहीत, पण पेपर वाचता येत नाही. मग हे नेमके कोण? आणि असे आपल्याकडे आहेत तरी किती? मास कॉमला शिकलोय, तर निदान आकडे तरी शोधू, असं म्हणून बसले. आणि चक्रावलेच.

२००१ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टीचं अपंगत्व असलेले लोक होते १ कोटी ६ लाख. २०११ मध्ये? ५० लाख ३२ हजार. दहा वर्षांत निम्म्याहून जास्त लोक गायब! चमत्कार? नाही हो. व्याख्या बदलली. २००१ मध्ये एकाच डोळ्याने नीट दिसणाऱ्यांनाही मोजलं होतं, २०११ मध्ये त्यांना वगळलं.

पुढची गंमत २०१७ ची. आपल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात तोवर ६/६० पेक्षा कमी दिसणारा अंध धरला जायचा. ती रेषा जागतिक आरोग्य संघटनेप्रमाणे ३/६० वर आली. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अंधत्वाचं प्रमाण ०.३६ टक्के निघालं. २००६-०७ मध्ये ते १ टक्का होतं. मोतीबिंदूच्या लाखो शस्त्रक्रिया झाल्या, त्याचं श्रेय आहेच, ते कोण नाकारेल? पण रेषाही सरकली होती. ५/६० वाल्या एखाद्या आजोबांना आदल्या दिवशी जेवढं दिसत होतं तेवढंच दुसऱ्या दिवशीही दिसत होतं. फक्त ते आता अंध नव्हते.

आणि बाबा? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात 'अल्पदृष्टी' नावाचा प्रकार आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ च्या खाली गेली की तो सुरू होतो. बाबा त्यात बसतात. मी उत्साहात म्हटलं, ''बाबा, आपण दाखला काढू या.'' त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषयच बदलला.

वाचू न शकणारे डोळस

याच शोधात एक शब्द भेटला, मुद्रित-अक्षमता. इंग्रजीत प्रिंट डिसॅबिलिटी. जॉर्ज कर्शर नावाच्या एका अंध अमेरिकन गृहस्थांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो रुळवला. त्यांचा मुद्दा साधा होता. तुम्हाला काय झालंय ते राहू दे, छापील पान वाचता येतं की नाही ते सांगा. मग त्यात अंध आले, बाबा आले, डिसलेक्सिया असलेली मुलं आली ('तारे जमीं पर'मधला ईशान आठवतोय?), आणि पार्किन्सन्समुळे हातात पुस्तक न ठरणाऱ्या आजीसुद्धा आल्या. या सगळ्यांची एकत्र मोजणी जनगणनेने आजवर केलेली नाही. नुसत्या नजरेचा हिशेब मांडला तरी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेला आकडा आहे किमान २२० कोटी. त्यात चाळिशीच्या चष्म्यावाचून अडलेलेही आहेत. आणि निदान १०० कोटींचा त्रास टाळता आला असता किंवा अजूनही दूर करता येईल असा. आपल्या देशातल्या पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी जवळपास १७ टक्के लोकांच्या पडद्यावर डायबेटीसचा परिणाम झालाय, असं राष्ट्रीय सर्वेक्षण सांगतं. ऑफिसातल्या दहा जणांपैकी कितींच्या घरी डायबेटीस आहे, विचारून बघा एकदा.

''ब्रेल शिकवा की,'' एक मैत्रीण म्हणाली. मराठीत 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक २००८ मध्ये निघालं, हे मलाही माहीत होतं. पण बासष्टाव्या वर्षी नवी लिपी? त्यात डायबेटीसने बोटांची संवेदनाही बोथट होते. बाबांचा मार्ग डोळ्यांकडून कानाकडेच जाणार होता.

तिथे मला भेटले बँकेत काम करणारे एक अधिकारी. जन्मापासून अंध. कॉम्प्युटर त्यांना सगळं वाचून दाखवतो. मी फुशारकीने माझा एक जुना लेख मेल केला. त्यांचा फोन आला, ''मॅडम, तुमचा लेख ऐकला. डॉलर, स्लॅश, कंस, एल, एम, टिल्डे... पुढे काय होतं?''

झालं होतं असं, की लेख जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला. युनिकोड नसलेल्या त्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. स्कॅन केलेल्या पीडीएफची तर आणखी तऱ्हा. तो नुसता फोटो, मशीन गप्प. कायदा आपल्याकडे आहे हो! २०१२ पासून कॉपीराइट कायद्यात अशा वाचकांसाठी पुस्तकाचं रूप बदलून द्यायची मुभा आहे. २०१३ मध्ये माराकेश करार झाला, २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' ही ऑनलाइन लायब्ररीही सुरू झाली. आणि मी? बिनधास्त जुन्या फॉन्टात लिहीत होते. (गुळगुळीत पानावर फिकट राखाडी बारीक अक्षरं छापणाऱ्या आमच्या मासिकवाल्यांबद्दल काही बोलत नाही. पुढचं काम हवंय मला!)

बाबांच्या फोनमध्ये टॉकबॅक सुरू करून दिलं. पहिल्या दिवशी ते त्या बाईशी भांडले. ''किती भरभर बोलते ही!'' वेग कमी केला. आता सकाळी चहाबरोबर ती त्यांना बातम्या वाचून दाखवते. निधनवार्ता मात्र आई वाचते, मोठ्याने. तो त्यांचा आपसातला करार आहे.

पुढची जनगणना २०२७ ची. दारात आलेल्या माणसाने विचारलं, ''दिसण्यात काही अडचण?'' तर बाबा काय सांगतील, हे मी आत्ताच छातीठोकपणे सांगू शकते. ''छे छे, काही नाही.''

गेल्या शनिवारी आम्ही पुन्हा जेवायला गेलो. या वेळी मी मेनूकार्ड सरकवलं नाही. सूपपासून आइस्क्रीमपर्यंत सगळं वाचून दाखवलं, किमतींसकट. बाबा मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, ''पनीर चारशे वीस? आणि तू दोन वर्षं तेच मागवत होतीस?''

आम्ही थालीपीठ खाल्लं.