शांत प्रकाशात जिवंत पेशी

अहिल्यानगर जिल्हा (पूर्वीचा अहमदनगर) म्हटला की साखर कारखाने आठवतात. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला. साखर काढून झाल्यावर उरते ती मळी. आसवनीत या मळीवर यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव सोडले की ते उरलेली साखर खातात आणि तिचे अल्कोहोल बनवतात.

यीस्टची पेशी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी असते. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून ती दिसते. पण तिच्या आत काय चालले आहे, हे ती जिवंत असताना बारकाईने पाहायचे तर? खरी अडचण तेथेच येते.

प्रकाश फोटॉन नावाच्या कणांनी बनलेला असतो. लेसरमधूनही हे कण कवायतीतल्या मुलांसारखे सारख्या अंतराने येत नाहीत. काट्यावर येणाऱ्या ऊसगाड्यांप्रमाणे ते कधी दाटीने, कधी विरळ येतात. सरासरी १०० फोटॉन येत असतील, तर मोजणीत साधारण १० चा चढउतार होतो, म्हणजे १० टक्के. १०,००० येत असतील, तर तो १०० चा, म्हणजे अवघा १ टक्का. म्हणून प्रकाश वाढवला की चित्र स्वच्छ होते. मात्र फार प्रखर लेसरने पेशीच मरते!

मग प्रकाश न वाढवता चढउतारच कमी केला तर? असे करता येते. अशा प्रकाशाला 'संपीडित प्रकाश' म्हणतात. निसर्ग ही सवलत फुकट देत नाही. तीव्रतेतली अनिश्चितता घटली की तरंगाच्या कलेतली अनिश्चितता वाढते. पण आपल्याला मोजायची असते ती तीव्रता, तेव्हा हा सौदा परवडतो.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या वॉरिक बोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली हे करून दाखवले, आणि तेही यीस्टच्याच पेशींवर! लेसरमुळे पेशीतील रेणूंचे बंध कंप पावतात व प्रकाशाच्या तीव्रतेत किंचित फरक पडतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली शोधलेल्या परिणामाचेच हे पुढचे रूप. संपीडित प्रकाशामुळे हा फरक ३५ टक्के अधिक स्पष्ट झाला. साध्या लेसरने एवढी स्पष्टता मिळवायची, तर प्रकाश इतका वाढवावा लागला असता की पेशीला इजा झाली असती.

तुम्हीही कोमट साखरपाण्यात चिमूटभर यीस्ट टाका. तासाभराने त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पेशींना फुटलेले इवलेसे अंकुर मोजा बरे!