टीव्ही आपोआप बंद होतोय? तंत्रज्ञाला बोलावण्याआधी हे तपासा

पावसाळा सुरू झाला की गोमंतकीय घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. टीव्ही चालता चालता आपोआप बंद पडतो, बटन दाबले की पुन्हा सुरू होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा पडदा काळा होतो. अशा वेळी कुणी वीज खात्याला बोल लावतो, कुणी केबलवाल्याला, तर कुणी संच जुना झाला असे म्हणून नव्याची चौकशी करू लागतो. वस्तुतः यांतील बरीचशी प्रकरणे किरकोळ असतात. काही प्रकरणांत मात्र संच धोक्याची सूचना देत असतो. दोहोंतील फरक ओळखता आला तर अनाठायी खर्च टळतो आणि प्रसंगी अपघातही टळतो.

पहिली खूण : तांबडा दिवा

टीव्ही बंद पडताच त्याच्या खालच्या कडेवरील लहान दिव्याकडे पाहावे. तो पेटलेला असेल तर संचापर्यंत वीज पोहोचते आहे. याचा अर्थ संचाला बंद होण्याची आज्ञा मिळाली आहे किंवा त्याने स्वतःच्या रक्षणासाठी ती पाळली आहे. दिवाही विझला असेल तर शोध संचाबाहेरून सुरू करावा. प्लग सैल आहे का, सॉकेटमध्ये ठिणग्या उडाल्याच्या काळ्या खुणा आहेत का, एकाच एक्स्टेंशन बोर्डावर चार-पाच उपकरणांचा भार आहे का, हे पाहावे. टीव्ही थेट भिंतीवरील दुसऱ्या सॉकेटला जोडून एक दिवस चालवला की निकाल लागतो. किनारी तालुक्यांत खाऱ्या हवेमुळे सॉकेटमधील पितळी पात्यांवर गंज चढतो व संपर्क तुटक होतो. सॉकेट बदलण्याचे काम मात्र वायरमनकडूनच करून घ्यावे.

दुसरी खूण : बंद पडण्याची वेळ

दोन-तीन दिवस टीव्ही किती वाजता सुरू केला आणि किती वाजता बंद पडला, हे कागदावर टिपून ठेवावे. निदानाचे निम्मे काम या नोंदीनेच होते.

ठरावीक कालावधीनंतर टीव्ही बंद पडत असेल तर तो बहुधा बिघाड नव्हे. झोपेच्या वेळेसाठी असलेला ‘स्लीप टायमर’ रिमोटच्या चुकीच्या बटनामुळे सुरू झालेला असू शकतो. शिवाय अनेक संचांत वीज बचतीची सोय असते. काही तास रिमोटला कुणी हात लावला नाही, तर घरात कुणी पाहत नाही असे गृहीत धरून संच बंद होतो. दिवसभर एकच वाहिनी लावून बसणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी ही तक्रार म्हणूनच अधिक आढळते. सेटिंगमधील टायमर आणि ऊर्जा बचत या दोन्ही नोंदी तपासून बंद कराव्यात.

कोणताही ठरावीक क्रम नसेल तर आधी रिमोटवर संशय घ्यावा. बटन आत रुतून बसले असेल तर रिमोट सतत संकेत पाठवत राहतो. रिमोटमधील सेल काढून ठेवावेत आणि टीव्ही संचावरील बटनाने सुरू करावा. तो नीट चालला, तर दोष रिमोटचा. तरीही बंद पडत असेल तर सेट-टॉप बॉक्सला जोडणारी एचडीएमआय वायर काढून पाहावी. या वायरीतून केवळ चित्र येत नाही, तर आज्ञाही येतात. बॉक्स बंद झाला की टीव्हीही बंद व्हावा, अशी सोय त्यात असते. निरनिराळ्या कंपन्या तिला ॲनीनेट प्लस, सिम्पलिंक, ब्राव्हिया सिंक अशी नावे देतात. ती सेटिंगमधून बंद करता येते.

अर्धा-पाऊण तास नीट चालून मग टीव्ही बंद पडणे आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणे, हे अति तापण्याचे लक्षण आहे. शोकेसच्या बंद कप्प्यात बसवलेला किंवा मागच्या जाळीवर धूळ साचलेला संच तापतो. त्याच्या चारही बाजूंना मोकळी जागा ठेवावी. प्लग काढून, कोरड्या मऊ ब्रशने बाहेरूनच धूळ झाडावी.

सुरू केल्यावर अवघ्या काही सेकंदांत संच बंद पडत असेल तर दोष बहुधा आतला असतो. एलईडी टीव्हीच्या पडद्यामागे दिव्यांच्या पट्ट्या असतात. त्यांतील एखादा दिवा निकामी झाला की संरक्षक यंत्रणा संपूर्ण संच बंद करते. खोलीत अंधार करून पडद्यावर तिरपा टॉर्च मारावा. आवाज येत असून अंधूक चित्र दिसले तर पडदा शाबूत आहे, दोष मागच्या प्रकाशाचा आहे. हे ठाऊक असणे महत्त्वाचे, कारण पट्ट्या बदलणे हे पडदा बदलण्याच्या मानाने बरेच स्वस्त काम आहे. वीजपुरवठ्याच्या पट्टीवरील कपॅसिटर फुगल्यानेही असेच घडते. तांबडा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर तो आकडा मोजून तंत्रज्ञाला सांगावा. अनेक संचांत तो दोषाचा सांकेतिक क्रमांक असतो.

वीज वर-खाली होते तेव्हा

आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट मानला जातो. आजचे बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात. हा आकडा संचाच्या मागे छापलेला असतो. म्हणून किंचित कमी दाबाने टीव्ही सहसा बंद पडत नाही. खरे भय अचानक वाढणाऱ्या दाबाचे असते. पावसाळी वाऱ्यात झाडाची फांदी पडून खांबावरील न्यूट्रल तार तुटली, तर घरातील दाब ४०० व्होल्टच्या आसपासही जाऊ शकतो. दिवे एकाएकी नेहमीपेक्षा प्रखर झाले आणि पंखे वेगाने फिरू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता मुख्य स्विच बंद करावा व वीज खात्याला कळवावे.

विजांचा कडकडाट सुरू झाला की केवळ स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढावा आणि केबलची किंवा डिशची वायरही सोडवावी, कारण दाबाचा धक्का त्या वाटेनेही आत येतो. मात्र हे काम वीज डोक्यावर येण्यापूर्वी उरकावे.

येथे थांबावे

संचाचे मागचे झाकण घरी कदापि उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ साठून राहू शकतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. जळका वास, तडतड आवाज किंवा धूर आल्यास प्लग काढून संच पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. प्लगपर्यंत पोहोचणे धोक्याचे वाटले तर मुख्य स्विच बंद करावा.

तंत्रज्ञ आल्यावर त्याला आपली नोंद दाखवावी आणि कोणता भाग बदलणार, त्याचा खर्च किती, हे आधी विचारावे. बदललेला जुना भाग व पक्के बिल मागून घ्यावे. वॉरंटी शिल्लक असेल तर बाहेरच्या माणसाला संच उघडू देऊ नये. वॉरंटीत असूनही कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. चवथीच्या तोंडावर तंत्रज्ञांकडे कामांची रीघ लागते, तेव्हा ही तपासणी आतापासूनच करून ठेवलेली बरी.