माठ वाजवून घेतो, मग घर?

उन्हाळ्याच्या तोंडाशी माठ घ्यायला गेले, की आजी काय करते ते आठवा. माठावर बोटाने टिचकी मारून ती आवाज ऐकते. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का. बद्द आला, तर कुठेतरी चीर आहे असे समजून ती दुसरा उचलते. जन्मभराची पुंजी घालून, वर वीस वर्षांचे कर्ज काढून जुन्या इमारतीतील सदनिका घेणारी मंडळी मात्र रंग, फरशी आणि खिडकीतून येणारा वारा पाहूनच खूश होतात. विकण्यापूर्वी रंग नवा देता येतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. खरा आजार रंगाच्या, गिलाव्याच्या आणि काँक्रीटच्याही आत, लोखंडी सळ्यांपाशी असतो. तो शोधण्याच्या पद्धती म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेतलेच प्रयोग आहेत.

प्रथम सळ्या आत का घालतात ते पाहू. काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण मात्र त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकाच सोसू शकते. तुळईचा खालचा भाग वाकताना ताणला जातो, म्हणून तेथे सळ्या हव्यात. आता गंमत अशी, की लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. आत सळई गंजली, की ती फुगते आणि भोवतालच्या काँक्रीटला आतून रेटते. ताण सोसण्यात कच्चे असलेले काँक्रीट मग सळईच्या रेषेतच तडकते. म्हणून भेग पाहताना ती किती लांब आहे यापेक्षा ती कोठे आहे आणि कोणत्या दिशेने गेली आहे हे आधी पाहा. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील तर त्या बहुधा निरुपद्रवी असतात. खांबाच्या कोपऱ्यालगत सरळ उभी भेग आणि तिच्याकाठी तपकिरी डाग दिसला, तर मात्र तज्ज्ञाला दाखविल्याशिवाय पुढचे बोलणे करू नये.

सळई इतकी वर्षे गंजत नाही, ती का? सिमेंट पाण्याबरोबर संयोग पावते तेव्हा चुन्याची निवळी तयार होते आणि काँक्रीटमधील पाण्याचा सामू १२.५ ते १३ इतका राहतो. अशा अल्कधर्मी परिसरात लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो व तो गंजास अडवितो. पण हवेतील कार्बन डायऑक्साइड सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत शिरतो, चुन्याचा कॅल्शियम कार्बोनेट करतो आणि सामू ९ च्याही खाली येतो. मग थराचे संरक्षण संपते. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीसारख्या ठिकाणी खाऱ्या हवेतील क्लोराइड हा दुसरा शत्रू. सामू न उतरताही तो थर फोडतो.

हा शिरकाव मोजण्यासाठी अभियंता काँक्रीटचा लहानसा टवका काढून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतो. निरोगी काँक्रीट गुलाबी होते, आजारी भाग बिनरंगीच राहतो. गणित येथेच रंगते. ही खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा ९ वर्षांत ती १५ मिलिमीटर झाली. तर २० मिलिमीटर व्हायला १६ वर्षे लागतील, आणि ४० मिलिमीटर व्हायला ६४! सळईवरील आच्छादन दुप्पट, तर संरक्षणाचा काळ चौपट. कामात कसूर करून सळई पृष्ठभागालगत बसविली, तर घर घेणाऱ्याची किती वर्षे चोरीला गेली याचा हिशेब तुम्हीच करा.

खांब आतून पोकळ आहे का, हे पाहायला श्राव्यातीत ध्वनी वापरतात. खांबाच्या एका अंगाला प्रेषक, समोरच्या अंगाला ग्राहक. खांब ३०० मिलिमीटर जाड असून ध्वनीला ७० मायक्रोसेकंद लागले, तर वेग सेकंदाला सुमारे ४.३ किलोमीटर, काँक्रीट भरीव आहे. ११० मायक्रोसेकंद लागले, तर वेग २.७ वर येतो. वाटेत पोकळी किंवा भेग असल्याने ध्वनीला वळसा घालावा लागला, असा त्याचा अर्थ. वेग ३ च्या खाली गेला की शंका घ्यावी. (पोलादात ध्वनी याहून वेगाने धावतो, म्हणून सळई टाळून मापन करावे लागते.)

स्प्रिंगचा हातोडा पृष्ठभागावर आपटून तो किती उसळतो हेही मोजतात. पद्धत सोपी आणि स्वस्त, म्हणून फार वापरली जाते. पण ती सांगते फक्त पृष्ठभागाची कठीणता, आणि कार्बन डायऑक्साइडने जुने काँक्रीट वरून अधिक कठीण होते! केवळ या आकड्यावर इमारत उत्तम ठरविणारा अहवाल मी तरी मानणार नाही. सळई प्रत्यक्ष गंजते आहे का याचा अंदाज विभवांतरावरून येतो. तांबे व मोरचूद यांचा अर्धघट काँक्रीटवर टेकवून सळईचे विभव मोजतात. ते उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही खाली असेल, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात.

हे सारे केवळ आपल्या सदनिकेत करून भागत नाही. तिसऱ्या मजल्याचा भार तळमजल्याचा खांब वाहतो. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथे एक चार मजली इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले; तेव्हा तळमजल्यावर अंतर्गत बदलाचे काम चालू होते. म्हणून गच्ची, जिना, वाहनतळ आणि खालची दुकानेही पाहिली पाहिजेत.

तुमच्या घरी जुनी जागा घेण्याचा विचार चालू असेल, तर वडीलधाऱ्यांना एक गोष्ट सुचवा. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी, त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी व्हावयाची असते. संस्थेकडे शेवटचा अहवाल मागा. त्यावरची तारीख आणि वर सांगितलेल्या चाचण्यांचे आकडे पाहा. मग विकणाऱ्याशी संबंध नसलेला अभियंता स्वखर्चाने न्या. मुंबईत जुन्या इमारतींची वर्गवारी करतात: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ म्हणजे मोठी दुरुस्ती लागणारी, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. सी-२ असेल, तर त्या दुरुस्तीच्या वर्गणीत आपला वाटा किती, तो जागेच्या किमतीतून वजा होणार का, हे बयाणा देण्यापूर्वी विचारून लेखी घ्यावे.