क्योटोत फिरायचा खर्च: पास घ्यावा की नाही?

मावसबहीण एप्रिलमध्ये जपानला निघालीय. काल फोनवर पहिलाच प्रश्न, "क्योटोत डे-पास घेऊ का?" म्हटलं, सगळ्यांसाठीच लिहावं.

शहराच्या मध्यवर्ती भागात सिटी बसचं तिकीट सरसकट 230 येन. एक थांबा जा नाहीतर दहा. बस आणि सबवे मिळून एक दिवसाचा पास 1,100 येनचा. म्हणजे दिवसात बसच्या पाच फेऱ्या होणार असतील तरच तो परवडतो. फक्त बसचा स्वस्त पास मिळायचा, तो आता बंद झालाय. जुने व्हिडिओ बघून जाऊ नका.

बसमध्ये बहुधा मागच्या दाराने चढायचं, पैसे उतरताना पुढे, ड्रायव्हरजवळच्या पेटीत. पेटी उरलेले पैसे परत देत नाही. शेजारच्या यंत्रात हजाराची नोट आधीच मोडून घ्या. त्यापेक्षा इकोका हे प्रीपेड कार्ड घ्या, उतरताना नुसतं टेकवायचं.

किंकाकुजी मंदिराला जायला सगळे क्योटो स्टेशनवरूनच बस पकडतात आणि गर्दीत उभे राहतात. मला सबवेने किताओजीपर्यंत जाऊन तिथून बस घेणं कधीही बरं वाटतं. फुशिमी इनारीला तर बस नकोच. जेआर रेल्वेच्या नारा लाइनने क्योटो स्टेशनपासून दुसरं स्टेशन, उतरलं की समोर देऊळ. मात्र या गाडीत वरचा पास चालत नाही.

तुमचा दिवसाचा बेत कमेंटमध्ये टाका, पास परवडेल का ते हिशोब करून सांगते.