हात चालता ठेवणारं संग्रहालय
(लेखमाला : लेखांक ६)

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. बलुतेदार, अलुतेदार, बायाबापड्या, सगळे माणसाएवढे आणि हुबेहूब, पण सिमेंटचे. सुताराने उगारलेला वाकस उगारलेलाच राहतो. आज पाहू तो प्रकार, ज्यात वाकस खाली येतो आणि ढलपीही उडते.

याची सुरुवात स्वीडनची. आर्टुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोमला ‘स्कान्सेन’ उघडलं. देशभरातली जुनी घरं उकलून तिथे पुन्हा उभी केली आणि त्यांत जुन्या पोशाखातली माणसं आणली. काचेच्या कपाटातल्या वस्तूपेक्षा ती वापरणारा माणूस जास्त सांगतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

पांढरकवड्याहून हिंगणघाटमार्गे वर्ध्याला गेलं, की या विचाराचं आपलं रूप भेटतं : मगन संग्रहालय. मगनलाल गांधींच्या नावाच्या या वास्तूचं उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी केलं. मगनवाडीत तेव्हा जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योग संघाचं काम पाहत. गतकाळाचं कौतुक मांडणं हा हेतूच नव्हता. खेड्यातला धंदा कसा चालतो आणि त्यावर पोट कसं भरेल, हे लोकांना दिसावं, म्हणून तो खटाटोप होता.

आपला केळापूर तालुका कापसाचा, म्हणून कापसाचंच घेऊ. आज वेचलेला कापूस गाडीत भरून थेट जिनिंगला जातो. पूर्वी तो घरातल्या बाईच्या पुढ्यात, हातचरकीवर यायचा. चरकीला एकमेकींना टेकलेल्या दोन लाटा असतात आणि त्या उलट दिशांनी फिरतात. एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने कापूस भरवायचा. रुई पलीकडे ओढली जाते. सरकी फटीत मावत नाही, ती अलीकडेच गळते. तीन किलो कापसातून रुई निघते साधारण एक किलो. त्यापुढे पिंजाऱ्याची तात, मग पेळू, मग सूत. अशा संग्रहालयात शाळेतल्या पोराने थोडा वेळ दांडा फिरवला आणि त्याचा खांदा भरून आला, की अंगावरच्या सदऱ्यामागे किती हात राबत होते, ते त्याला पाठ करावं लागत नाही. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, वऱ्हाडात वाफेवरचे रेचे आले आणि या बायकांचं काम गेलं. तेही तिथेच सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जुनं गाव मांडताना जातं, वाडा, सणवार एवढंच मांडलं, तर ती फसवणूक आहे. बलुतं जातीला बांधलेलं होतं, पाणवठे वेगळे होते, सावकाराची वही होती. हे वगळणारं संग्रहालय मला अपुरं वाटतं.

पांढरकवड्यात असं काही उभं राहावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तिफन, वखर, डवरा धरलेली माणसं अजून आपल्यात आहेत. कोलामपोडांवर बांबूच्या टोपल्या विणणारे हात आहेत. त्यांना पुतळ्यासारखं बसवू नये. योग्य रोजी देऊन, गुरुजी म्हणून बोलवावं. तोवर एवढं करा : गोठ्यातली जुनी तिफन भंगारात देऊ नका, आणि तिच्या प्रत्येक भागाचं नाव घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून वहीत उतरवून ठेवा.