घरासाठी सायकल, घरासाठी लोकल

विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. म्हणजे विरारचा चाकरमानी रोज जाऊन-येऊन १२० किलोमीटर प्रवास करतो, तो मुंबईत घर परवडत नाही म्हणून. जवळपास एवढेच अंतर रोज सायकलवरून कापत अमेरिकेतील तरुणांचे जथ्थे याच प्रश्नासाठी आपला देश ओलांडू लागले, त्यालाही वीस वर्षे उलटून गेली.

नव्वदच्या दशकात येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या गृहनिर्माण संस्थेच्या मदतीसाठी सायकल मोहीम सुरू केली. त्या अनुभवातून २००२ मध्ये ‘बाइक अँड बिल्ड’ ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिची पद्धत साधी होती. वीस-तीस स्वारांच्या तुकडीने अटलांटिक किनाऱ्यावरून निघायचे आणि सुमारे अडीच महिन्यांत सहा हजार किलोमीटर तुडवून पॅसिफिक गाठायचा. मुक्काम चर्चमध्ये किंवा शाळेत. प्रत्येक स्वाराने आधीच काही हजार डॉलरची देणगी जमवायची. प्रवासखर्च वजा जाता उरलेली रक्कम स्वस्त घरे बांधणाऱ्या संस्थांना मिळे. वाटेत काही दिवस सायकली भिंतीला टेकवून स्वार बांधकामावर राबत. धोकाही होताच. २०१५ मध्ये ओक्लाहोमा राज्यात मोटारीच्या धडकेने एका स्वाराचा मृत्यू झाला.

घरासाठीचे असे श्रमदान महाराष्ट्रानेही पाहिले आहे. २००६ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्यासह ‘हॅबिटॅट’च्या स्वयंसेवकांनी लोणावळ्याजवळ मळवली परिसरात शंभर घरे उभारण्याचा उपक्रम केला होता.

मात्र श्रमदानाच्या घराला जागेची मालकी आणि परवानगी यांचा पाया आधी लागतो. हातोडा त्यानंतर उचलायचा असतो. वसई-विरारमध्ये घर स्वस्त होते, ते पुष्कळदा हा पायाच गाळल्यामुळे. नालासोपारा पूर्वेतील अग्रवाल नगरीजवळच्या ४१ इमारती सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी आरक्षित जागेवर उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२४ पासून त्या पाडण्यास सुरुवात झाली आणि २०२५ च्या प्रारंभी सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. पहिल्या घटनेत स्वस्त घराने आयुष्याची पुंजी नेली, दुसऱ्या घटनेत प्राणच नेले.

यातून खरेदीदाराने घ्यायचा धडा स्पष्ट आहे. दस्त नोंदवला म्हणजे इमारत अधिकृत ठरली, हा समज चुकीचा आहे. नोंदणी व्यवहाराची होते, बांधकामाच्या वैधतेची नव्हे. सातबारा, बिगरशेती परवानगी, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र ही कागदपत्रे विकासकाने दाखवली तरी महापालिकेच्या नगररचना विभागात व महसूल कार्यालयात पडताळून पाहावीत. २०१७ पासून लागू झालेल्या ‘महारेरा’च्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तपासता येतो. बनावट कागदपत्रांची प्रकरणे या परिसरात उघडकीस आली असल्याने हा खटाटोप टाळणे परवडणारे नाही.

सायकल मोहिमांनी जमवलेल्या पैशांतून उभी राहिलेली घरे गरजेच्या मानाने थोडीच. पण गावोगावी मुक्काम करताना स्वारांना घराचा प्रश्न आकड्यांऐवजी माणसांच्या रूपाने भेटतो, हे त्यांचे मोल. वसई-विरारच्या माणसाला ते समजून घेण्यासाठी सायकल काढण्याची गरज नाही. तो रोज पहाटे लोकलच्या दारात लटकून घराची किंमत चुकवतच असतो. एवढी किंमत मोजून घेतलेले छप्पर कायद्याच्या आणि सिमेंटच्याही कसोटीवर टिकणारे असावे, एवढीच त्याची मागणी आहे. ‘परवडणारे घर’ या शब्दांचा खरा अर्थही तोच.