डोईपासून मानेपर्यंत हाताला लागणाऱ्या खुणा

बैल घ्यायचा म्हटला म्हणजे आपला वऱ्हाडी शेतकरी बाजारात त्याला नुसत्या डोळ्यांनी पाहात नाही. दात पाहतो, वशिंड चाचपतो, जुवाखाली मान सुजली आहे का ते हात फिरवून बघतो. घरच्या माणसांच्या मानेवरून मात्र असा हात कधी फिरत नाही. अमरावतीला १९८४ साली निघालेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या वैद्यकीय महाविद्यालयात काय, किंवा अकोल्याच्या २००२ च्या शासकीय महाविद्यालयात काय, नव्या विद्यार्थ्यांना हेच शिकवितात : कातडीवरून बोट फिरवून आत काय आहे ते ओळखणे. त्यातले थोडे घरीही शिकण्यासारखे आहे.

तान्ह्या बाळाच्या कपाळाच्या वर, डोक्याच्या मध्यावर मऊ चौकोनी जागा लागते ती टाळू. तेथे कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात. मागची लहान टाळू दोन-तीन महिन्यांत बुजते, पुढची बहुधा दीड वर्षापर्यंत. तेल घातल्याने ती लवकर भरते ही समजूत खरी नव्हे. (आजीला तेल लावण्यात समाधान असेल तर असो बापडे, दाबू मात्र नये.) वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत बाळाला हगवण लागली आणि ते शांत असताना, उभे धरून पाहिल्यावर टाळू खोल गेलेली दिसली, तर अंगातले पाणी आटले असे समजावे. अंगावरचे दूध बंद करू नये. जलसंजीवनी चमच्या-चमच्याने पाजीत दवाखाना गाठावा. उलट, ताप असून टाळू फुगलेली व ताठ लागली तर घरी क्षणभरही दवडू नये. मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते.

कानशिलाचे हाड पातळ, आणि त्याच्या आतल्या अंगाने एक रक्तवाहिनी जाते. बैलाचे शिंग लागले, मोटारसायकलवरून पडला, तरी माणूस उठून बसतो, चहा पितो, बोलतो. काही तासांनी मात्र गुंगी येते, ओकाऱ्या होतात. आत रक्त साचत असते. “आता बरं वाटते” या बोलण्यावर विसंबून त्याला घरी निजवू नये.

गळ्यात पुढे येते ती घाटी. तिच्या खाली श्वासनळीला बिलगून थायरॉइड ग्रंथी असते. आरशापुढे पाण्याचा घोट घ्यावा. गाठ घोटाबरोबर वर सरकली तर ती बहुधा या ग्रंथीची.

जबड्याच्या कडेखाली, कानामागे व मानेच्या बाजूने लहान गाठी असतात. दात किडला किंवा डोक्यात फोड झाले की त्या सुजतात, दुखतात, आणि मूळ दुखणे गेले की जिरतात. न दुखणारी गाठ फसवी. तीन आठवड्यांत न जिरणारी टणक गाठ क्षयाची गंडमाळ असेल, नाही तर तोंडातला कर्करोग मानेत उतरला असेल. दुखत नाही म्हणून लोक थांबतात, हीच मोठी खोट.

राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण पानठेल्यावरचा खर्रा काही सुटला नाही. खर्रा खाणाराने आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावी. जात नसतील तर गालाची आतली कातडी आखडू लागली आहे. खर्रा त्याच दिवशी टाकून दातांच्या डॉक्टरला तोंड दाखवावे. आखडलेले तोंड सहसा पुन्हा पहिल्यासारखे उघडत नाही. मिश्री लावणाऱ्या मायबहिणींनीही ही बोटे घालून पाहावी.